कुसळीच्या कुंड्या

चाकणच्या कंपनीत हे पॅकिंग विभागात होते. तिथली लाइन बंद होऊन नोकरी गेली आणि ह्यांच्या डोक्यात गवत शिरलं. थर्माकोलऐवजी गवताच्या लगद्याचे ट्रे करायचे. निगडीच्या आमच्या स्वयंपाकघरात रोज गवत शिजायला लागलं, घराला गोठ्याचा वास यायचा. मी नाक मुरडायची आणि पातेलं ढवळायलाही मीच उभी राहायची.

गवत राजगुरुनगरच्या पुढल्या एका माळावरचं. माळाच्या मालकीणबाई अजून स्वतः गुरं राखायच्या. त्यांनी आधीच बजावलं, "मारवेल गवताला हात लावायचा न्हाई, ते गुरांचं हाय. कुसळी न्या. वाळली की गुरं तिला तोंड बी लावीत न्हाईत."

आम्ही कुसळीच आणली. तिची कुसळं माझ्या साडीत, ह्यांच्या मोज्यांत. संध्याकाळी गॅलरीत बसून आम्ही एकमेकांची कुसळं काढायचो. लग्नानंतर इतका वेळ हे माझ्याजवळ प्रथमच बसत असावेत.

चाकणला भाड्याची शेड घेतली, लगदा साच्यात दाबायचा प्रेस बसवला. पहिले ट्रे ह्यांच्या जुन्या साहेबांनीच घेतले. पावसाळ्यात त्यांचा फोन आला. ट्रेनं दमट हवा शोषली होती आणि आतल्या लोखंडी पार्टना गंज चढला होता.

"राव, मला बारा महिने कोरडा माल लागतो," साहेब म्हणाले. "तुमचं गवत वर्षातून एकदा येणार, आणि वर पाणी पिणार."

माल परत आला. हे शेडमध्ये एका खोक्यावर बसून राहिले. चहा दिला तो निवून गेला.

मी म्हटलं, "पाणी पितं ना? मग ज्याला पाणी हवंय त्यालाच देऊ."

"कोणाला?"

"रोपांना."

त्यांनी मान वर केली. ट्रेचा साचा बदलून आम्ही लहान कुंड्या काढल्या आणि तळेगावकडच्या एका नर्सरीत दिल्या. महिन्याभरानं नर्सरीवाल्या ताईंनी बोलावून दाखवलं, मुळं कुंडीच्या भिंतीतून बाहेर आली होती. रोप कुंडीसकट जमिनीत लावता येत होतं, प्लास्टिकची पिशवी फाडायची गरज नव्हती. त्यांनी पुढच्या हंगामाची मागणी तिथंच सांगितली.

धंदा मोठा झालेला नाही. गवत वाळलं की प्रेस चालतो, पावसाळ्यात बंद. पण आता बाहेर निघालो की हे दिसेल त्या नर्सरीपाशी गाडी थांबवतात, आत जाऊन रोपांवरून हात फिरवतात. मी गाडीत वाट पाहते. हाक मारत नाही.