पंपघराच्या सात पायऱ्या

आइलर्ट त्यार्क्सने दलदलीचा नकाशा रचायला घेतला तेव्हा तो कोणाला वाचवायला निघाला नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवतो. ते ओझे पुढे टाम्मेनफेन या आमच्या गावच्या लोकांनी त्याच्या डोक्यावर ठेवले, आणि त्या लोकांत मीही होतो.

संगणकावर शेती करण्याचा एक खेळ आहे. ट्रॅक्टर हाकायचा, नांगरायचे, पेरायचे, गाई पिळायच्या. ज्याने पहाटे पाचला खऱ्या बेचाळीस गाई पिळल्या, त्याने न्याहारीनंतर पुन्हा पडद्यावरच्या गाई पिळाव्यात, हे आइलर्टच्या बायकोला, तोम्माला, कधीच उमगले नाही. "खरं शेण मी उपसते," ती चहाच्या कपात खडीसाखर टाकताना म्हणे, "आणि हे महाशय तिथं बोटानं उपसतात."

पण आइलर्टचा नाद खेळण्याचा नव्हता, प्रदेश रचण्याचा होता. हौशी लोक या खेळासाठी नवनवे प्रदेश रचतात, त्यांना नकाशे म्हणतात आणि जगाला फुकट वाटतात. असे शेकडो नकाशे आहेत, आणि सगळे सपाट, सुपीक, ऐसपैस. यंत्र कुठेही वळवावे. दलदल कोणी रचत नाही, कारण दलदलीत खेळणाऱ्याचा विरस होतो. आइलर्टला नेमका याचाच राग होता. "आम्ही काय माणसं नाही?" एवढेच त्याचे तत्त्वज्ञान.

त्याने टाम्मेनफेन जसेच्या तसे रचायला घेतले. तीस पावले रुंद आणि दोन किलोमीटर लांब शेतपट्ट्या, दर दोन पट्ट्यांमध्ये चर, चरांच्या काठी आल्डरची झाडे, टोकाला बोरूचे रान. जमीन अशी की मेच्या आधी यंत्र घातले तर चाक रुतलेच पाहिजे. नकाशा तपासायला इम्के नावाची बाई होती, ओल्डेनबुर्ग शहरची, पूर्वी पूल बांधणाऱ्या कंपनीत नकाशे काढणारी. दोघांचे बोलणे संगणकावरूनच होई.

"तुझ्या चिखलात माझं कापणीयंत्र तिसऱ्यांदा बुडालं रे!"

"एप्रिलात कशाला घातलंस?"

"खेळात एप्रिल चाललाय हे मला कुठं ठाऊक?"

"चिखलाला ठाऊक असतं."

अशा प्रदेशाला उंची द्यावी लागते. बाकीचे रचनाकार सरकारी मोजणीचे आकडे उचलतात. विमानातून किरण टाकून सरकारने सगळी भूमी मोजलेली आहे. आइलर्टने ते आकडे नाकारले. विमान आले तेव्हा बोरू उभा होता, हे त्याने स्वतः पाहिले होते. "त्यांनी बोरू मोजलाय, जमीन नाही." मग त्याने आमच्या गावची रीत धरली. टाम्मेनफेनमध्ये प्रत्येक उंची घराच्या उंबऱ्यापासून मोजतात: चर उंबऱ्याखाली इतका, रस्ता इतका. दोन हिवाळे त्याने गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल पाइप घेऊन, टप्प्याटप्प्याने, गावातला प्रत्येक चर, प्रत्येक मोरी आणि एकोणीसच्या एकोणीस उंबरे मोजले. दर शनिवारी पाइपचे दुसरे टोक मी धरीत असे. हे सगळे फरक त्याच्या स्वतःच्या उंबऱ्यापासूनचे होते; त्या उंबऱ्याची उंची तेवढी कागदावरून घेतली. १९५८ साली त्याच्या आजोबांनी घर बांधले तेव्हाच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते: समुद्रसपाटीपासून एक मीटर नव्वद.

त्यानंतर जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाचे पत्र आले. पुढच्या वसंतात दलदलीचे पाणी उपसणारा पंप बंद होणार, दलदल पुन्हा दलदल होणार, पाणी समुद्रसपाटीपासून एक मीटर दहापर्यंत चढवले जाणार. एकोणीस घरे पाण्याखाली जातील, म्हणून कार्यालय ती विकत घेऊन पाडणार. हरकती असल्यास गुरुवारी दहा वाजता खानावळीच्या दालनात सुनावणी.

मी त्या कार्यालयाला अकरा वर्षे पत्रे लिहीत आलो आहे. मोरीबद्दल, बंद केलेल्या बसबद्दल, उंदरांनी पोखरलेल्या बांधाबद्दल. प्रत्येक पत्राला अत्यंत सभ्य उत्तर आले आणि एकही मोरी दुरुस्त झाली नाही. म्हणून पत्र आले त्या दुपारी आइलर्ट संगणक काखोटीला मारून माझ्याकडे आला, तेव्हा या वेळी हाती काही पुरावा लागेल या आशेने मी खुर्चीतून उठलोच.

"मास्तर, हे बघा."

त्या खेळात पाणी म्हणजे सगळ्या प्रदेशावर अंथरलेली एक सपाट चादर असते. रचणाऱ्याने फक्त तिची उंची ठरवायची. आइलर्टने ती एक मीटर दहावर ठेवली. कुरणे बुडाली. रस्त्याच्या कडा भिजल्या. एकोणीस उंबरे कोरडे राहिले. त्याचा स्वतःचा तर पाण्यापासून ऐंशी सेंटिमीटर वर.

"गाई विकाव्या लागतील," तो म्हणाला. "पण घर राहतंय, मास्तर. घर राहतंय."

त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्या बळावर मी सतरा पानांची हरकत लिहिली. इतके भक्कम लेखन आयुष्यात माझ्या हातून झालेले नाही.

नकाशात एकच वास्तू राहिली होती, पंपघर. ते आइलर्टच्याच देखभालीखाली होते, म्हणून त्याने ते शेवटी, प्रेमाने रचले. सोमवारी सकाळी इम्केने ते पाहिले. मी आइलर्टच्या घरी चहा घेत होतो.

"आइलर्ट, या पायऱ्यांचं काय गणित आहे? वरची एक विटांची, खालच्या सहा सिमेंटच्या, त्याही वेगवेगळ्या रंगांच्या."

"बरोबर आहे. पंपघर वाढतं ना."

"वाढतं म्हणजे?"

"वर येतं. दहा-अकरा वर्षांनी एक पायरी घालावी लागते. शेवटच्या दोन मीच ओतल्यात. तोम्मा म्हणते, पुढच्या खेपेला शिडीच लावू."

"पाया कशावर आहे त्याचा?"

"ओकच्या खांबांवर. पार खालच्या वाळूपर्यंत गेलेत."

"आणि तुझं घर?"

तोम्माची किटली हातात तशीच राहिली.

"आइलर्ट," इम्के हळू आवाजात म्हणाली, "पंपघर जागचं हललेलं नाही."

दलदलीची माती म्हणजे हजारो वर्षे कुजलेले शेवाळ. तिच्यातले पाणी उपसले की ती आक्रसते आणि खाली बसते. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेत खचते, रस्ता खचतो, शेजाऱ्याचा गोठा खचतो. आपला उंबरा खचतो, हे तेवढे कोणाला माहीत नसते. पंपघर वाढते असे मीही लहानपणापासून म्हणत आलो आहे, आणि मी शाळेत भूगोल शिकवतो.

आइलर्ट उठला, पट्टी घेऊन पंपघराकडे गेला आणि तासाभराने परतला. पायरी एकोणीस सेंटिमीटरची. सहा पायऱ्या. एक मीटर चौदा. घर आणि पंपघर एकाच वर्षाचे. आम्ही मोजलेला प्रत्येक फरक अचूक होता. ज्या खुंटीला ते सगळे टांगले, ती खुंटीच खाली गेली होती. त्याने एका आकड्याने सगळे टाम्मेनफेन एक मीटर चौदा सेंटिमीटर खाली उतरवले, फक्त पंपघर जागेवर ठेवले, आणि पाण्याची चादर पुन्हा अंथरली.

तोम्मा चष्मा लावून पुढे वाकली. "हे आपलं स्वयंपाकघर?"

"हो."

"कितीपर्यंत?"

"उंबऱ्यावर चौतीस."

"म्हणजे ओव्हनमध्ये." तिने चष्मा काढला. "बटाटे आयतेच उकडतील." मग ती दुसऱ्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बुधवारी मी त्याच्याकडे गेलो. काय बोललो ते लपवीत नाही.

"उद्या जुना नकाशा दाखव. त्यांनी बोरू मोजला, आपण उंबरा मोजला. भांडण बरोबरीचं आहे. वकील लावू. दोन-चार वर्षं सहज निघतील."

"आणि पाणी?"

"पाण्याचं पुढं बघू."

"मास्तर, दोन हिवाळे पाइपचं एक टोक मी धरलं, एक तुम्ही. थेंबाचंही खोटं बोललो नाही आपण. आता शेवटच्या दिवशी बोलायचं?"

"त्यांना सरळपणा दाखवून काय मिळणार आहे तुला?"

"काही नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते.

गुरुवारी दालन भरले होते. कार्यालयाच्या डॉक्टर लिंडहोर्स्ट बाई पुढे बसल्या होत्या. भिंतीवर टाम्मेनफेन उमटले आणि मागून गुरे विकून बसलेला हाबो ओरडला, "आइलर्ट, माझ्या गाई आहेत का रे त्यात?"

"आहेत. तुझ्याकडे होत्या त्याहून जास्त दूध देतात."

लोक हसले. ते आमचे शेवटचे एकत्र हसणे. आइलर्टने ट्रॅक्टर गावच्या रस्त्याने नेला, एकेका घरापुढे थांबवला, घरधन्याचे नाव घेतले, आणि मग पाणी चढवले. एकोणिसांपैकी एकही उंबरा उरला नाही. दालनात कोणीतरी खुर्ची सरकवली.

"हे तुम्ही स्वतः मोजलंत, त्यार्क्स साहेब?" बाईंनी विचारले.

"हो."

"आमच्या मोजणीपेक्षा फक्त दोन सेंटिमीटरचा फरक आहे."

"तो बोरू असणार," आइलर्ट म्हणाला. नंतर त्याने टेबलाला दोन्ही हातांनी धरले. "बाई, पंप एक हिवाळा जास्त चालवा. एकच. आमची कुठं काही सोय लागेपर्यंत."

"तारीख ठरलेली आहे."

माझी सतरा पाने मागे घेतल्याची नोंद झाली. सही मीच केली. बाहेर पडताना हाबोने आइलर्टकडे पाहिले नाही. आजही पाहत नाही. गावाचे म्हणणे असे की घरे आइलर्टने बुडवली. कार्यालयाने त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आभाराचे पत्र पाठवले. सभ्य पत्रांत त्यांचा हात कोणी धरणार नाही.

फेब्रुवारीत गाई गेल्या. तोम्माने शहरात, वाळूच्या टेकाडावर, दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा पाहिली. सामान बांधून झाले तेव्हा टेबलावर फक्त संगणक होता आणि त्यातून इम्के विचारीत होती, "कुठला नकाशा बाहेर सोडायचा?"

"खरा."

"पण खेळणाऱ्याला सुरुवातीला घर द्यावं लागतं, आइलर्ट. कोरडं. तुझी तर सगळी पाण्यात आहेत."

"पंपघर दे."

"राहायला?"

"दुसरं आहे काय?"

"आणि पंप? चालू दाखवायचा की बंद?"

तो बांधलेल्या खोक्यावर बसला. तोम्मा दारात कोट घालून उभी होती.

"चालू ठेव," तो शेवटी म्हणाला.

एप्रिलमध्ये पंप बंद झाला. त्याच आठवड्यात नकाशा लोकांच्या हाती गेला आणि पहिल्याच दिवशी तक्रारींची रांग लागली: यंत्र रुतते, पट्ट्या अरुंद आहेत, घर म्हणजे नुसती एक खोली. एकाने लिहिले की कुठेही गेले तरी पंपाची घरघर ऐकू येते आणि ती बंद करण्याची सोय नाही. हा दोष तातडीने दुरुस्त करावा.

बाकीच्या तक्रारींना आइलर्टने उत्तरे दिली. तो दोष त्याने अजून दुरुस्त केलेला नाही.