सात सोमवार

चित्रे साहेबांनी साधा प्रश्न विचारला होता. "राणे, वाघमारेने पार्ट मागितला होता की नव्हता? हो किंवा नाही, एवढंच सांग."

मी म्हणालो, "तपासून सांगतो, सर."

अंधेरीच्या ऑफिसातली छोटी मीटिंग रूम. एका बाजूला आमचे रिजनल हेड चित्रे साहेब आणि एचआरच्या एक बाई. समोर वाघमारे, आमचे सर्व्हिस मेकॅनिक. युनिफॉर्मचा शर्ट कडक इस्त्री करून आले होते. मी टेबलाच्या टोकाला. माझ्यापुढे एका पानाचं प्रिंटआउट होतं, ते मीच काढलं होतं. तपासण्यासारखं काही नव्हतं. मला सगळं माहीत होतं.

याला आता चार वर्षं झाली.

मी लिफ्टच्या मेन्टेनन्स कंपनीत सर्व्हिस मॅनेजर होतो. मुलुंड, नाहूर, घाटकोपर या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या लिफ्ट माझ्याकडे होत्या. हाताखाली नऊ मेकॅनिक. कंपनीत माझी ओळख मात्र लिफ्टवाला अशी कमी आणि 'सिस्टीमवाला राणे' अशी जास्त होती. माझा इनबॉक्स रोज संध्याकाळी रिकामा असायचा. दोन मिनिटांत होण्यासारखं काम लगेच करायचं, बाकीच्याला तारीख द्यायची आणि डोकं मोकळं ठेवायचं, असा माझा नियम होता. तारीख दिलेली कामं ॲपमध्ये. तारीख उलटली की काम लाल होतं. रोज सहा वाजता मी चहा घेऊन दहा मिनिटं बसायचो आणि उठताना स्क्रीनवर लाल काही ठेवायचो नाही. दुसऱ्या ब्रँचची पोरं हे बघायला यायची. मी त्यांना तासभर लेक्चर द्यायचो. स्लाइड्ससुद्धा केल्या होत्या.

लाल घालवायचे दोन रस्ते असतात. काम करणं हा एक. तारीख बदलणं हा दुसरा. माझ्या स्लाइड्समध्ये दुसरा रस्ता नव्हता.

ॲप येण्याआधी मेकॅनिक डुप्लिकेट बुकात लिहायचे. कार्बन घातलेलं बुक. पांढरं पान ऑफिसला, पिवळं सोसायटीला, गुलाबी बुकातच राहायचं. खाली सेक्रेटरीची नाहीतर वॉचमनची सही. ॲप आल्यावर मी सगळी बुकं गोळा करून रद्दीत दिली. एक काम दोनदा लिहायचं नाही, हाही माझा नियम होता.

वाघमारे तेव्हा माझ्या टेबलाशी आले होते. ते माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. मूळचे वाशीमकडचे, राहायला नाहूरला. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला साहेब म्हणायचे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ॲप भरतो, पण बुकही राहू द्या, सोसायटीकडे सहीचा कागद असलेला बरा. मी हसून म्हणालो, "वाघमारे, कागद हरवतो. ॲप हरवत नाही."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं आहे.

मुलुंडच्या एका सात मजली सोसायटीची लिफ्ट. लिफ्टच्या मोटरला ब्रेक असतो आणि त्या ब्रेकमध्ये लायनर. सायकलच्या ब्रेकला रबर असतं, तसंच समजा. लायनर घासला की लिफ्ट मजल्यावर नेमकी थांबत नाही. दोन-तीन इंच खाली किंवा वर थांबते. आतला माणूस दार उघडतो आणि सवयीने पाय टाकतो, तिथे जमीन नसते किंवा जास्त असते.

वाघमारेंनी ते सर्व्हिसिंगमध्ये पकडलं. ॲपवर तक्रार नोंदवली. अशा नोंदीला टिकेट म्हणतात. खाली कमेंट लिहिली, इंग्रजी अक्षरांत: 'liner pathva sir'. पुढच्या आठवड्यांत तीच आणखी दोनदा. टिकेट माझ्या नावावर आलं, कारण पार्ट ऑफिसने मागवायचा असतो. त्या जुन्या मॉडेलचा लायनर गोडाऊनमध्ये नव्हता. परचेसला फोन, व्हेंडरला मेल, मग हेड ऑफिसची मंजुरी. अर्ध्या तासाचं किचकट काम. दोन मिनिटांत बसणारं नव्हतं. म्हणून मी त्याला तारीख दिली. सोमवार.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता ते लाल झालेलं दिसलं. मी पुढचा सोमवार टाकला.

तिसऱ्या आठवड्यात मला ते टिकेट माझ्या यादीत बघवेना. मी ते परत वाघमारेंच्या नावावर केलं. ॲपमध्ये तशी सोय आहे, एक बटण दाबायचं. माझी यादी स्वच्छ झाली. तरी ॲपमधल्या ब्रँचच्या बोर्डावर ते लाल दिसायचंच, म्हणून दर सोमवारी तारीख पुढे नेणं चालू राहिलं. यात काही चुकतंय असं मनात आलं नाही. खरं सांगायचं तर तारीख बदलली की काम केल्यासारखं वाटायचं. तेवढंच हलकं.

पाचव्या आठवड्यात वाघमारेंचा फोन आला.

"साहेब, लेव्हल फारच सुटतेय. मी लिफ्ट बंद करून ठेवतो."

"किती सुटतेय?"

"कधी दोन इंच, कधी तीन. म्हाताऱ्या माणसांची बिल्डिंग आहे, साहेब."

लिफ्ट बंद केली की सेक्रेटरीचा फोन येतो, मग लेखी तक्रार, आणि लेखी तक्रार चित्रे साहेबांच्या बोर्डावर जाते. मी म्हणालो, "चालू राहू द्या. दारावर एक चिठ्ठी लावा. सोमवारी मी बघतो."

हा फोन ॲपमध्ये नाही. तो आम्हा दोघांनाच माहीत होता. बरीच वर्षं मी तो कुठेच लिहिला नाही.

सातव्या सोमवारनंतरच्या गुरुवारी पाचव्या मजल्यावरच्या प्रधान बाई भाजी घेऊन वर आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. लिफ्ट तीन इंच खाली थांबली होती. त्यांचा पाय कडेला अडखळला आणि त्या बाहेर पॅसेजमध्ये कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत. काही महिन्यांनी मुलगी त्यांना विलेपार्ल्याला तळमजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन गेली.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी चित्रे साहेबांनी टिकेटचा रिपोर्ट मागितला होता. रिपोर्ट काढताना स्क्रीनवर एक चौकोन येतो: हिस्ट्री आणि कमेंट्स हव्यात का? तिथे टिक केली की सगळं छापून येतं. कोणी काय लिहिलं, नाव कोणी बदललं, तारीख कोणी किती वेळा सरकवली. टिक नाही केली तर एकच पान येतं. त्यावर काम, कोणाच्या नावावर आहे, ड्यू डेट, स्टेटस. हिस्ट्री आणि कमेंट्स फक्त सर्व्हिस मॅनेजरला दिसतात. म्हणजे मला.

मी टिक केली नाही. खोटं काहीच लिहिलं नाही. एक चौकोन रिकामा सोडला.

तर, ती मीटिंग. कागदावर काम वाघमारेंच्या नावावर होतं आणि स्टेटस 'ओपन'. चित्रे साहेब म्हणाले, "दोन महिने काम तुमच्या नावावर पडून आहे. तुम्ही केलं काय?"

वाघमारे म्हणाले, "लायनर मागितला होता, सर. तीनदा."

"कुठे?"

"ॲपमध्ये."

चित्रे साहेबांनी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला आणि मी 'तपासून सांगतो' म्हणालो. वाघमारेंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बस स्टॉपवर उभा माणूस येणाऱ्या बसकडे बघतो, तसं. मी पेनचं टोपण लावत बसलो.

टेबलावर परत येऊन मी माझ्या यादीत लिहिलं: 'वाघमारे, हिस्ट्री तपासणे'. तारीख दिली. सोमवार.

सोमवारपर्यंत त्यांचं टर्मिनेशन लेटर निघालं होतं. कारण: कामात निष्काळजीपणा. सव्वीस वर्षांची नोकरी. आमची लाइन छोटी आहे, सगळ्या कंपन्यांचे लोक एकमेकांना ओळखतात. असं लेटर घेऊन फिरणाऱ्या मेकॅनिकला कोणी लिफ्टला हात लावू देत नाही. चित्रे साहेबांनी मला पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

'वाघमारे, हिस्ट्री तपासणे' दर सोमवारी लाल व्हायचं. मी ते पुढे न्यायचो. मी फोन बदलला, ॲपचं नवीन व्हर्जन आलं, माझं प्रमोशन झालं, चित्रे साहेब रिटायर झाले. ते काम मात्र दर वेळी नवीन यादीत बरोबर हजर. डिलीट करायची हिंमत नव्हती. घरी बोरिवलीला जेवताना फोन वाजला की बायको विचारायची, कोणाचा आहे. मी म्हणायचो, रिमाइंडर.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सोमवारी तारीख बदलायला बोट टेकवलं आणि खाली बारीक अक्षरात ॲपने लिहिलेलं दिसलं, की हे काम एकशे नव्वदपेक्षा जास्त वेळा पुढे गेलं आहे, छोट्या भागांत तोडून बघा. मी ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवरून ते टिकेट काढलं. चौकोनात टिक केली. चार पानं आली. ती घेऊन रविवारी नाहूरला गेलो.

वाघमारे आता सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची कामं करतात. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर मोटरचा उघडलेला सांगाडा. वहिनींनी पाणी दिलं आणि आत गेल्या. त्यांनी मला ओळखलं होतं, हे त्यांनी पेला ठेवला त्यावरून कळलं.

मी चार पानं पुढे केली. वाघमारेंनी चष्मा लावला नाही.

"हे मला माहीत आहे, साहेब."

मला कळेना. हिस्ट्री तर मॅनेजरलाच दिसते. ते उठले, कपाटातून एक खिशात मावणारी डायरी काढली, पान उघडून माझ्यासमोर धरलं. बुकं रद्दीत गेल्यापासून ते स्वतःपुरती डायरी लिहीत होते. सात ओळी होत्या, सात सोमवार. प्रत्येक ओळीपुढे एकच: 'तारीख बदलली – राणे साहेब'.

"तुम्ही तारीख बदललीत की माझ्या फोनवर नोटिफिकेशन यायचं," ते म्हणाले. "तुमच्या नावासकट. पहिल्यांदा आलं तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, साहेबांचं लक्ष आहे."

मी विचारलं, "त्या दिवशी ही डायरी दाखवली का नाही?"

"खिशातच होती. पण माझ्याच हाताने लिहिलेली, ती कोण मानणार? आणि तुम्ही म्हणालात ना, तपासून सांगतो." त्यांनी डायरी मिटली. "मी खाली गेटवर साडेसहापर्यंत थांबलो होतो."

सहा ते सहा दहा मी वर चहा घेत, लाल कामं पुढे ढकलत बसलो होतो. मग मागच्या जिन्याने उतरून रिक्षा पकडली होती.

मी माफी मागितली. ते 'बरं' म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ती चार पानं आणि त्या फोनबद्दल सगळं लिहून मी हेड ऑफिसला मेल केला. प्रधान बाईंच्या मुलीलाही पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही. हेड ऑफिसने माझी चौकशी केली आणि मला सर्व्हिसमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. आता मी पार्ट मोजतो. त्या जुन्या मॉडेलचा लायनर दुसऱ्या रॅकवर असतो, मुठीत मावेल एवढा. वाघमारेंना कंपनीचं एका ओळीचं पत्र गेलं, की निष्काळजीपणाचा शेरा मागे घेण्यात येत आहे. पत्र मिळालं का हे विचारायला मी फोन केला.

"मिळालं," ते म्हणाले. "मी सत्तावन्नचा झालो, साहेब. आता हे कोणाला दाखवू?"

नवीन लोक अजून मला विचारतात, कामं वेळेवर होण्यासाठी कुठलं ॲप चांगलं. मी सांगतो, कुठलंही चालेल. तारीख बदलताना बहुतेक ॲप खाली एक रकाना दाखवतात: कारण. तो सक्तीचा नसतो, म्हणून कोणी भरत नाही. मी आता भरतो. आमच्या त्या ॲपमध्येही तो होता, पहिल्या दिवसापासून. सात सोमवार मी तो रिकामा ठेवला, कारण तिथे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.