तोवेचा सरळ शिक्का

तोवे डाल्सगोर हिनं क्लितबीच्या पोस्टात एकतीस वर्षं तिकिटं विकली आणि पाकिटांवर शिक्के मारले, तेही गावावर उपकार केल्याच्या थाटात. दुसऱ्याची चूक दिसली की तिला अन्न गोड लागत नसे. असली माणसं निवृत्तीनंतर डेन्मार्कात जातात कुठं? गावच्या दप्तरखान्यात. दर मंगळवारी वाचनालयाच्या तळघरात पाच म्हाताऱ्या जमायच्या. अर्धा वेळ कॉफी आणि केकवर जायचा, उरलेला जुन्या कागदांवर.

त्या मंगळवारी अक्सेल ब्रोगोरचे कागद आले, केळ्यांच्या चौदा खोक्यांतून. अक्सेल म्हणजे गावच्या साप्ताहिकाचा एकुलता एक पत्रकार. गेल्या थंडीत वारला.

"पत्रं मी लावते, तू फोटो घे," दप्तरखान्याची प्रमुख बोडिल म्हणाली.

"नको, पत्रं मीच लावते!" तोवे इतक्या घाईनं म्हणाली की कॉफी सांडली.

नोकरीची सगळी वर्षं ती अक्सेलला निनावी पत्रं पाठवत आली होती. बातमीत चूक सापडली की टाइपरायटर काढून त्याची खरडपट्टी काढायची, आणि बसलोच आहोत तर उरलेल्या गावाचीही. बोडिलच्या गायनवृंदाला तिनं 'पोत्यात कोंडलेली मांजरं' म्हटलं होतं. ते बोडिलनं वाचलं तर मंगळवार कायमचे बंद, आणि नवरा गेल्यापासून तोवेच्या आठवड्यात मंगळवाराखेरीज दुसरा वारच नव्हता.

सहाव्या खोक्यात तिच्या पत्रांचा गठ्ठा सापडला. वर अक्सेलच्या अक्षरात लिहिलेलं: 'तोवे, पोस्ट.'

तिनं गठ्ठ्याची दोरी सोडली. खाली चिठ्ठी होती. 'गावभरच्या पाकिटांवर शिक्का वेडावाकडा पडतो. हिच्या पाकिटावर पट्टीनं आखल्यासारखा. बाई नाव लपवते, पण स्वतःच्या पत्रावर तिला वाकडा शिक्का मारवत नाही.'

"मेल्यानं ओळखलं होतं!" तोवे पुटपुटली.

प्रत्येक पत्राला बातमीचा मूळ कागद टाचलेला होता. टाचण्या गंजतात, म्हणून आधी त्या काढायच्या. काढता काढता ती थबकली. एका कागदावर टाइप केलं होतं, 'चर्चला तीन घंटा.' मग पेन्सिलीनं तीनचे चार केले होते. समासात लिहिलं होतं, 'गुरुवारपर्यंत पत्र येईल.' पुढच्या कागदावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. लबाड मुद्दाम चुकत होता! रोज खिडकीशी यायचा, दोन तिकिटं घ्यायचा, हवेबद्दल बोलायचा आणि जायचा. तोंड शिवलं होतं का याचं?

मग पोस्ट बंद झालं. हातात शिक्का नाही तर पत्रात काय मजा, म्हणून तोवेनं लिहिणं सोडलं. अक्सेलनं चुकणं सोडलं नव्हतं. 'सहा घंटा. पत्र नाही.' 'नऊ घंटा. पत्र नाही.' शेवटचा कागद त्याच्या निवृत्तीच्या आठवड्यातला. 'बावीस घंटा. पत्र नाही. बरी असेल ना?'

ती बावीस घंटांची बातमी तिनं तेव्हा साप्ताहिकात वाचली होती. म्हातारा चळला, असं म्हणून त्याच पानात मासे गुंडाळले होते. आता तिला रडू फुटलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"काय गं, काय सापडलं?" बोडिलनं विचारलं.

तोवेनं पेन्सिल घेतली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, 'अक्सेल, घंटा तीनच आहेत. मी बरी आहे. तोवे डाल्सगोर.' कागद गठ्ठ्याच्या शेवटी ठेवला. दप्तरात बाहेरचं काही घालू नये, हा नियम तिनंच भिंतीवर चिकटवला होता. मग तिनं गठ्ठा बोडिलपुढं सरकवला.

"वाच. मांजरांचं पत्र अकरावं आहे. मी तोवर कोट घालते."

बोडिलनं अकरावं पत्र वाचलं. मग पहिल्यापासून सगळं वाचलं, अगदी शेवटच्या कागदापर्यंत. तोवे कोटाची बटणं लावून दाराशी उभी होती.

"मांजरांचं नंतर बघते तुझ्याकडं," बोडिल नाक पुसत म्हणाली. "आधी कोट काढ. आणि यावर तारीख घाल, बाई. बिनतारखेचं पत्र मी दप्तरात घेत नाही."