देवीनं फिरवलेलं तोंड

"देव आपल्याला ओळखत असतील, तर फक्त हातोड्याच्या आवाजावरून," दिफिलस एकदा म्हणाला होता. एरवी बोलणं त्याला जड जायचं.

रोममध्ये जुनो देवीच्या देवळाला लागून टांकसाळ होती. तिथे निकियास चिमट्यानं चांदीची तापलेली चकती ऐरणीवरच्या ठशावर ठेवी. दिफिलस वरचा ठसा टेकवून हातोडा हाणी. नाण्याच्या एका अंगाला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी उमटे, दुसऱ्या अंगाला घोड्यांवरचे जुळे देव. दोघंही वेत्तियस घराण्याचे गुलाम. धाकटा वेत्तियस यंदाच टांकसाळीचा अधिकारी झाला होता, आणि देवांना फार भीत होता.

त्या दिवशी तो दिफिलसला न्यायाधीशासमोर मुक्त करणार होता. दिफिलसनं रिवाजाप्रमाणे डोकं भादरलं, तरी सकाळी कामावर आलाच.

"सोललेलं अंडं दिसतंय नुसतं," निकियास म्हणाला. हसण्याच्या नादात आधी ठोकलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलेलं त्याला दिसलं नाही. त्यानं पुढची चकती सरकवली. हातोडा पडला.

निघालेल्या नाण्यावर जुळे देव नव्हतेच. एका अंगाला रोमा, दुसऱ्या अंगालाही रोमाच. पण आत खचलेली, उलट्या दिशेला पाहणारी.

देखरेखीला उभ्या वेत्तियसनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "देवीनं तोंड फिरवलंय. आज मुक्ती नाही."

"मग कधी, धनी?" निकियासनं विचारलं.

"ती वळेल तेव्हा."

दिफिलसनं हातोडा परत उचलला. ते उचलणं निकियासला बघवेना. चूक कबूल केली तर पाठीवर चाबूक. गप्प राहिलो तर हा इथेच, याच धुरात संपणार.

"धनी, देवीचं यात काही नाही. आधीचं नाणं वर चिकटलं होतं, मी काढलं नाही. त्याच्यावरचीच रोमा खालच्या चकतीत उलटी रुतली."

"दोस्तासाठी थापा मारतोयस."

निकियासनं वरचा ठसा उलटा करून दाखवला. नाणं अजून तिथेच होतं. त्यानं नवी चकती ठेवली. दिफिलसनं हातोडा घातला. पुन्हा तीच खचलेली रोमा.

वेत्तियस दोन्ही नाणी तळहातावर घेऊन पाहत राहिला. मग त्याला हसू आलं. "मागितला की येतो, तो शकुन कसला? चाबूक नंतर बघू, निकियास."

"सवडीनं बघा, धनी."

दुपारी न्यायसभेत दिफिलसच्या खांद्याला मुक्तीची काठी टेकली. वेत्तियस म्हणाला, "हा माणूस मोकळा व्हावा," आणि त्याचा हात सोडला. मागे उभ्या निकियासनं सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

"अरे, काहीतरी बोल की," तो कुजबुजला.

दिफिलसनं मुक्त माणसाची लोकरी टोपी डोक्यावर ओढली आणि तो दाराबाहेर निघून गेला.