तात्यांच्या खंदकात उभं राहायचं नाही

आमच्या झाशीच्या मराठी मंडळात चहा आला की त्या सिनेमाचा विषय निघतो, आणि माझं डोकं फिरतं. मी चिडले की लोक जास्तच हसतात! मग मीच एकेक आठवून सांगत बसते.

तात्या म्हणजे माझे चुलतसासरे. तरुणपणी पहिल्या महायुद्धात खंदकात होते, मग रेल्वेत कारकून. त्यांनी मंडळात खंदकातल्या शिपायांचं नाटक बसवलं. खंदक म्हणजे जवळच्या मऊरानीपुरहून आणलेली, भुसा भरलेली पोती. नियम एकच. पोत्यांच्या वर डोकं दिसलं की तात्या खडू फेकून मारायचे. "मेलास! घरी जा!" झाली त्याची त्या दिवशीची तालीम!

\*

एकदा आमचे यजमान दिनकरराव रेल्वेत गार्डच्या ड्युटीवर गेले, म्हणून तालमीत त्यांची मिशी मी लावली. इतकी शोभली की सासूबाई म्हणाल्या, "राहू दे की!"

तिसऱ्या मिनिटाला मी पदर सावरायला उठले. वर्दीत कुठला पदर! "मेलीस! घरी जा!"

गेले. पोळ्या लाटल्या.

\*

"एवढं कडक कशाला?" कुणीतरी विचारलं.

तात्या म्हणाले, "माझा भाऊ पाठ मोकळी करायला उभा राहिला होता. एवढंच."

\*

मग मुंबईचे सिनेमावाले आमच्या नाटकावर सिनेमा काढायला आले. तात्यांची अट एकच, कुणी उभं राहणार नाही. डायरेक्टर पाया पडला. "तात्याजी, कोई खड़ा नहीं होगा. वचन!"

मी भोळी! दोन डबे शंकरपाळी बांधून दिली. डबेसुद्धा परत आले नाहीत.

\*

झाशीजवळ बिजौलीला शूटिंग. खंदक गुडघ्याएवढा! दिनकरराव म्हणाले, "भैया, इसमें तो बकरी भी न छुपे."

"हीरो का चेहरा दिखना चाहिए, अंकलजी," डायरेक्टर म्हणाला.

"मग गच्चीवर बसवा मेल्याला!" मी ओरडले. पण मराठीत. एवढा राग फुकट गेला!

\*

सिनेमा लागला. नाटकातले आम्ही सगळे एका रांगेत, मधे तात्या, इस्त्रीचा कोट घालून. हीरो खंदकाच्या काठावर चढला, छाती काढून उभा राहिला आणि भाषण सुरू केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तात्यांनी कोटाच्या खिशातून खडू काढला. घरून आणला होता! फेकला. तो तीन रांगा पुढे जाऊन पडला.

"मेला," तात्या हळूच म्हणाले. "चला घरी."

आणि आमची अख्खी रांग उठली. कंबरेत वाकून, खुर्च्यांच्या वर एकाचंही डोकं दिसू न देता, दारापर्यंत गेली.