दुसऱ्याच्या मोहाखाली

ती घटना आठवली की आजही आधी मोहफुलांची टोपली डोळ्यांपुढे येते. धानोरा भागातलं गाव. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेला माणूस झाडाखाली मेलेला सापडला, शेजारी त्याची टोपली. मी अकस्मात मृत्यूची नोंद करून तपास हाती घेतला. शवविच्छेदनात पायावर विजेचा चटका निघाला. रानडुकरांसाठी कुणीतरी तारेत वीज सोडली होती. पण त्या झाडाजवळ ना तार, ना खांब.

मग मृताची बायको ठाण्यात आली.

"साहेब, ते झाड आमचं नाई. आमचे मोह नाल्यापाशी. माहा माणूस दुसऱ्याच्या झाडाखाली जाईन काऊन? गाव त्याले चोर म्हणून राह्यलं."

तिकडे मोहाची झाडं घरागणिक वाटलेली असतात. कुंपण नाही, पाटी नाही, तरी दुसऱ्याचं फूल कुणी उचलत नाही. म्हणजे प्रेत हलवलेलं होतं, आणि हलवणाऱ्याला ही रीत ठाऊक नव्हती.

नाल्याकाठचं शेत वरोऱ्याकडच्या एकाने ठेक्याने घेऊन उन्हाळी मका लावला होता. त्याला बोलावलं, चहा पाजला, पिकाच्या गप्पा मारल्या. मग सहज विचारलं, "इथले लोक मोह कुठला वेचतात हो?"

"जो जवळ पडंल तो. जंगलचा माल, साहेब, कोणाच्या बापाचा हाय?"

मी टेबलावर हात आपटला, "म्हणूनच प्रेत दुसऱ्याच्या झाडाखाली टाकलंस!" दुपारी त्याने स्वतःच शेतातल्या विहिरीत टाकलेली तार काढून दिली.

सदोष मनुष्यवध सिद्ध झाला. तपासाचं श्रेय वरच्यांनी घेतलं, ते असो. शिक्षेवरची सुनावणी उरली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात मी बाईला म्हटलं, "दहा वर्षं माग, तेव्हा सात पदरात पडतील."

"पाहू," एवढंच ती म्हणाली. सोबत तिने त्या दुसऱ्या झाडाच्या म्हाताऱ्या मालकाला आणलं होतं. कशाला, ते सांगेना.

सरकारी वकिलांनी तिला बोलू देण्याची विनंती केली. आरोपीचे वकील उसळले, "असा हक्क कायद्यात कुठे लिहिलाय?"

"मनाईही लिहिलेली नाही," न्यायाधीश म्हणाले. "बोला, बाई."

"सजा किती, ते तुमी पाहा. यानं माह्या माणसाले मेल्यावर चोर केलं. कुठून उचललं, कुठी टाकलं, ते यानं आपल्या तोंडानं सांगावं. हे भाऊ ऐकाले आले."

न्यायाधीशांनी आरोपीकडे पाहिलं. वकील नको नको म्हणत असताना तो बोलला, "नाल्यापाशी, त्याच्याच झाडाखाली पडला होता. मीच उचलून नेला."

म्हातारा उभा राहिला. "ऐकलं, बाई. गावात मी सांगतो."

शिक्षा माझ्या अपेक्षेपेक्षा कमी झाली. मी धुमसत होतो, बाई नव्हती.

तपासात गुन्हा कळतो. नुकसान काय झालं, ते मात्र ज्याचं झालं त्यालाच विचारावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि विचारायचं की नाही हे एका माणसाच्या मर्जीवर, याचा राग अजून आहे. पुढे तारेच्याच दुसऱ्या एका खटल्यात मी सरकारी वकिलांना तीच विनंती करायला लावली. न्यायाधीश दुसरे होते. "गरज नाही," म्हणाले. मेलेल्या पोराचा बाप बाहेर बाकावर धुतलेला सदरा घालून बसला होता. निकाल ऐकून तो एटापल्लीच्या बसमध्ये चढला. तो काय बोलला असता, ते मला आजवर कळलेलं नाही.