काठ लावलेला डबा

आमच्या घरात काही फुकट जात नाही, हे आधीच सांगून ठेवते. कोथिंबिरीच्या काड्या चटणीत जातात, दुधीची सालं तीळ घालून कुरकुरीत परतली की तीही चटणीच होते. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर विरली की तो शर्ट आधी उशीचा अभ्रा होतो, मग फडकं, मग पायपुसणं. नवरा म्हणतो, पुढचा नंबर माझा. मी सांगते, ते वागणुकीवर आहे.

कोपरखैरण्यात गावठाणातल्या एका इमारतीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीण काकी. त्या मूळच्या इथल्या, पूर्वी घरची भातशेती होती. घराला लागून अख्खी गच्ची, आणि तिच्यावर माझ्या मिरच्या, माझा कढीपत्ता, सांडग्यांची माझी चादर. त्या संक्रांतीला आमचं ॲग्रीमेंट संपत आलं होतं आणि एक दलाल दोनदा माणसं आणून घर दाखवून गेला होता. काकी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. मला ते घर सोडायचं नव्हतं. मग मी ठरवलं, हळदीकुंकू असं दणक्यात करायचं की काकींनी आपणहून म्हणावं, राहा बाई इथेच.

दणक्यात, पण बाजारात पाऊल न टाकता. लाडू वळत बसण्याऐवजी तिळाच्या वड्या केल्या. एक वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटी साधा गूळ. चमचाभर तुपात गूळ विरघळून फेसाळला की गॅस बंद, तीळ आणि कूट आत, आणि तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच कापायच्या. गार झाल्यावर कापायला गेलात तर सुरी मोडेल, मला दोष देऊ नका.

प्रश्न वाणाचा होता. माझ्याकडे पलंगाखाली एक खोकं होतं, त्यात दोन वर्षं इकडून तिकडून मिळालेली वाणं. गाळण्या, साबणदाण्या आणि मुख्य म्हणजे स्टीलचे छोटे डबे, चांगले वीस-बावीस. आलेलं वाण पुढे देणं सगळ्याच करतात, कबूल कोणी करत नाही. पण मी त्यात कला ओतली. फाटलेल्या साड्यांचे जरीकाठ कापले, प्रत्येक डब्याच्या पोटाला आधी कागद आणि त्यावर काठ गुंडाळून चिकटवला. चिकटवायला मैद्याची खळ, कारण डिंकाची बाटली विकत आणायची म्हणजे माझ्या तत्त्वात बसेना. डबे असे नटले की मी ते ओळीने मांडून दोनदा फोटो काढले. नवरा म्हणाला, कुणाचं नाव घातलेलं नाही ना बघून घे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, नाव बुडावर घालतात, सगळी बुडं तपासली आहेत.

हळदीकुंकू झकास झालं. बायका डबे हातात घेऊन काठावरून बोट फिरवत होत्या, कुठून आणले विचारत होत्या आणि मी नुसती गूढ हसत होते. काकींना मी मुद्दाम सगळ्यात सुंदर, मोरांचा काठ लावलेला डबा दिला. त्या दिवशी मला माझा इतका अभिमान वाटत होता की मी स्वतःचीच दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी वर आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात भिजून लोंबणारे मोर. त्यांनी डबा नळाखाली धरला होता आणि माझी खळ सुटली होती. टेबलावर ठेवून त्यांनी तो माझ्याकडे वळवला. पोटावर, घासून घासून फिकट झालेल्या अक्षरांत, काकींचं नाव होतं.

गच्ची गेली, कढीपत्ता गेला, दलाल जिंकला, एवढंच डोक्यात.

काकी खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लग्नात आईने नाव घालून पाच डबे दिले होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच राहायला आलो, आणि त्यांच्या हळदीकुंकवाला मी सगळ्यात शेवटी पोचले. वाण संपलं होतं. नव्या भाडेकरणीला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी आत जाऊन एका डब्यातलं जिरं ओतलं आणि तो डबा मला दिला. तेव्हापासून फळीवर चारच डबे होते. दिलेलं वाण परत मागायचं कसं, म्हणून दोन वर्षं त्या गप्प बसल्या होत्या.

मग त्यांनी माझा हात धरला. "बाय, तुला म्हाईत होता ना? मुद्दाम दिलास ना परत?"

हो म्हटलं असतं तर मी देवी झाले असते. ते हो अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण त्यांचे डोळे भरले होते आणि त्या डोळ्यांशी मला खोटं बोलवेना.

"नाही हो काकी," मी म्हटलं, "चिक्कूपणा केला. सगळीच वाणं जुनी होती. तुमचं नाव मी बघितलंच नाही."

काकी अशा हसल्या की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. मीही सुटले. आम्ही दोघी पोट धरून हसतोय आणि टेबलावर मोरांतून खळ गळतेय, असं दृश्य बघून नवरा आल्या पावली मागे गेला. जाताना काकी म्हणाल्या, दलालाला मी बघते, तू कागद करून आण. आणि उरलेल्या चार डब्यांनाही काठ लाव, पण या वेळी डिंकाने. मी डिंकाची बाटली आणली. माझ्या संसारातली ती सगळ्यात योग्य उधळपट्टी.

पुढच्या संक्रांतीला काकींनी सगळ्यांना प्लास्टिकच्या वाट्या दिल्या आणि मला थांबवून स्टीलचा एक नवा डबा हातात ठेवला.

"आता दे कुनाला द्यायचा तो," म्हणाल्या.

मी डबा फिरवून पाहिला. पोटावर ठसठशीत अक्षरांत माझं नाव होतं आणि त्याखाली गाव घातलं होतं, कोपरखैरणे. भाड्याने राहणाऱ्या बाईच्या नावाखाली हे गाव घालावं असं आजवर कोणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा. त्यात मी जिरं ठेवते.